उणे 48 यार्ड : मिशिगनच्या 2013 च्या रनिंग गेमचे प्रकरण

2 नोव्हेंबर 2013 रोजी ईस्ट लान्सिंग येथे मिशिगन स्टेटविरुद्ध झालेल्या सामन्यात मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने चेंडू घेऊन धावण्याचे जितके प्रयत्न केले, त्या सर्वांची बेरीज उणे 48 यार्ड आली. 1879 पासून हा खेळ खेळणाऱ्या आणि समोरच्या फळीला रेटत पुढे जाण्यातच आपली ओळख मानणाऱ्या या संघाच्या संपूर्ण इतिहासातील हा नीचांक होता. सामना 29-6 असा गमावला. पुढच्याच शनिवारी, 9 नोव्हेंबरला, अ‍ॅन आर्बरमधील स्वतःच्या मैदानावर नेब्रास्काविरुद्ध ही बेरीज उणे 21 यार्ड झाली आणि तोही सामना 17-13 असा हातून गेला. ब्रेडी होक यांनी 2011 मध्ये मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारल्यापासून घरच्या मैदानावर झालेला हा पहिला पराभव होता. हंगामाची सुरुवात सलग पाच विजयांनी करणारा हा संघ अखेरीस 7-6 (सात विजय, सहा पराभव) वर थांबला, आणि 8 जानेवारी 2014 रोजी आक्रमणाच्या चाली ठरवणारे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर अल बोर्जेस यांना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाचे प्रचलित स्पष्टीकरण एका ओळीचे आहे: बोर्जेस यांनी चुकीच्या चाली दिल्या. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. एकेकटी घेतली तर त्यांची बहुतेक चाल समर्थनीय होती. मात्र त्या चालींचे एकमेकींशी नाते नव्हते, आणि जी फळी सर्वांत कोवळी होती तिच्यावरच दर आठवड्याला काहीतरी नवे शिकण्याची वेळ आणली जात होती.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, आक्रमण करणाऱ्या संघाला 10 यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाची चाल आधी ठरलेली असते आणि अकराही खेळाडूंना तीत नेमून दिलेले काम असते. चेंडू क्वार्टरबॅकने टाकलेल्या पासने पुढे जातो किंवा रनिंग बॅक तो घेऊन धावतो. आक्रमक फळीत पाच जण असतात: मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. प्रेक्षकाचे लक्ष धावणाऱ्यावर असते, पण वाट करून देणारे हे पाच जण असतात.

आकड्याबाबत एक खुलासा आधीच करायला हवा. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला पास देण्यापूर्वी मागेच पाडले गेले, म्हणजे सॅक झाला, तर गमावलेले यार्ड रनिंगच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते पासच्या खात्यातून वजा होतात. मिशिगन स्टेट आणि नेब्रास्का या दोन्ही सामन्यांत क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर प्रत्येकी सात वेळा सॅक झाला. म्हणजेच उणे 48 या आकड्याचा मोठा हिस्सा रनच्या चालींचा नसून फसलेल्या पासच्या चालींचा आहे. तो हिस्सा बाजूला काढला तरी हाती फारसे काही लागत नाही हे खरे, पण हा आकडा दोन वेगळ्या दुखण्यांची बेरीज आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. धावून काही मिळत नसल्यामुळे संघ वारंवार लांबच्या तिसऱ्या प्रयत्नात, म्हणजे बरेच यार्ड बाकी असताना, अडकत होता. तेथे पास येणार हे सर्वांना ठाऊक असे, आणि बचाव फळी बिनदिक्कत क्वार्टरबॅकवर तुटून पडत असे.

फळी अशी का होती

या फळीच्या दोन टोकांना देशातील उत्तम खेळाडू होते. डावा टॅकल टेलर लुवान हा 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, अकराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि उजवा टॅकल मायकल स्कोफिल्ड तिसऱ्या फेरीत. दोघेही 2009 च्या भरतीतले, पाचव्या वर्षाचे. खरा प्रश्न या दोघांच्या मधल्या तीन जागांचा होता.

आधीचे प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांच्या काळात 2010 च्या भरतीत आक्रमक फळीसाठी एकच खेळाडू घेतला गेला होता, आणि दुखापतीमुळे त्यालाही खेळ सोडावा लागला. 2011 ची भरती प्रशिक्षकबदलाच्या गडबडीत झाली आणि तिच्यातूनही या जागांसाठी मोजकेच खेळाडू आले. परिणामी 2013 मध्ये, जेव्हा चौथ्या वर्षाचे तयार गार्ड आणि सेंटर मैदानात असायला हवे होते, तेव्हा तेथे जवळजवळ रिकामी जागा होती. काइल कॅलिस आणि एरिक मॅग्नसन 2012 च्या भरतीतले, म्हणजे एक वर्ष बाहेर बसून नुकतेच खेळू लागलेले. ग्रॅहम ग्लासगो शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला. काइल बॉश तर त्याच वर्षी शाळेतून बाहेर पडलेला होता, आणि मिशिगन स्टेटविरुद्ध तो सुरुवातीपासून डाव्या गार्डच्या जागी खेळला. इतर जागांवर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा चपळाईच्या जोरावर निभावून नेतो; फळीच्या मध्यभागी त्याच्यासमोर बावीस वर्षांचा, चार वर्षे व्यायामशाळेत घडलेला माणूस उभा असतो.

या तीन जागा हंगामभर बदलत राहिल्या. चार सामन्यांनंतर सेंटर जॅक मिलरला बसवून ग्लासगोला गार्डवरून सेंटरला आणले. डाव्या गार्डच्या जागी एकामागून एक खेळाडू वापरून पाहिले गेले. फळीतला खेळ शेजाऱ्याच्या सवयींवर चालतो: शेजारचा पहिले पाऊल कुठे टाकेल, समोरच्याचा खांदा किती वेळ धरून ठेवेल आणि त्याला माझ्याकडे केव्हा सोपवेल, हे न बोलता कळावे लागते. शेजारीच दर पंधरवड्याला बदलला तर हे कळायचे कसे? या बदलांना प्रशिक्षकांची हौस म्हणता येणार नाही. काही दुखापतींमुळे झाले, काही खरोखरच हताशपणे केलेले होते. तरीही प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागली.

टॅकल-ओव्हर

12 ऑक्टोबर 2013 रोजी पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियमवर झालेला सामना या प्रकरणाचा गाभा आहे, असे मी मानतो. त्या दिवशी रनिंग बॅक फिट्झ टूसांने 27 वेळा चेंडू घेतला आणि 27 यार्ड मिळवले. जो रनिंग बॅक दोन वर्षांपूर्वी हंगामात हजाराहून अधिक यार्ड धावला होता, त्याला प्रत्येक प्रयत्नात सरासरी एक यार्ड मिळत होता.

या काळात मिशिगनने ‘टॅकल-ओव्हर’ नावाची रचना सढळ हाताने वापरली. तीत लुवानला डाव्या टोकावरून उचलून उजवीकडे स्कोफिल्डच्या शेजारी उभे केले जाई आणि डाव्या टोकाची जागा टाइट एंड, म्हणजे अडवणे आणि पास झेलणे अशी दोन्ही कामे करणारा खेळाडू, सांभाळत असे. यामागचा विचार समजण्यासारखा आहे: मधले तीन कच्चे आहेत, तर दोन्ही पक्के खेळाडू एका बाजूला आणा आणि त्यांच्या मागून धावा.

आता हीच रचना समोरच्या लाइनबॅकरच्या, म्हणजे बचाव फळीच्या लगेच मागे उभ्या असलेल्या खेळाडूच्या, डोळ्यांनी पाहू. हडल (चाल सांगण्यासाठी केलेले खेळाडूंचे कडे) मोडतो, पाच जण रेषेवर येतात, आणि 77 क्रमांकाचा लुवान नेहमीच्या जागी दिसत नाही. तो पलीकडे उभा आहे. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा धोका ज्याने अडवायचा तोच डावीकडून निघून गेला आहे. तेथे उभ्या असलेल्या टाइट एंडच्या भरवशावर कोणी लांब पास टाकणार नाही. म्हणजे रन. बाजूही उघड आहे. लाइनबॅकर एक पाऊल त्या बाजूला सरकतो, सर्वांत मागे उभा असलेला बचावपटू, सेफ्टी, पाच यार्ड पुढे येतो, आणि चेंडू हलण्यापूर्वीच जिथून धावायचे तिथे बचावाचा एक माणूस जास्त जमलेला असतो. दोन पक्के खेळाडू आपापल्या समोरच्याला उत्तम अडवतातही. पण तिसऱ्याला अडवायला कोणी उरत नाही.

अशी रचना मुळात वाईट नसते. तिच्यातून मधूनमधून उलट्या बाजूला धावले, तीच चाल दाखवून पास टाकला, क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडे ठेवला, तर सरकलेल्या बचावाला त्याची शिक्षा मिळते, आणि पुढच्या वेळी तो सरकायला कचरतो. क्रिकेटमध्ये ऑफस्पिनरचा ‘दुसरा’ परिणामकारक ठरतो, कारण त्याआधीचे पाच चेंडू आत वळलेले असतात. मिशिगनच्या टॅकल-ओव्हरमध्ये बचावाला थांबवून ठेवणारी ती दुसरी चाल फारच क्वचित येत असे. त्यामुळे रचना दिसताच सरकणे हा बचावासाठी बिनजोखमीचा सौदा झाला.

विशेष म्हणजे त्याच सामन्यात, त्याच फळीमागून, गार्डनर स्वतः शंभराहून अधिक यार्ड धावला. क्वार्टरबॅक स्वतः धावतो तेव्हा रनिंग बॅक अडवायला मोकळा होतो आणि आक्रमणाकडे एक माणूस वाढतो. हे साधे गणित आहे. फळी कच्ची असली तरी संख्या बाजूने असली की वाट मिळते, याचा पुरावा समोर असताना टूसांला पुन्हा पुन्हा त्याच गर्दीत पाठवले गेले. याचे एक कारण उघड आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे ठरेल: गार्डनरमागे अनुभवी क्वार्टरबॅक नव्हता आणि त्याला दुखापत झाली असती तर हंगाम तिथेच संपला असता. तरी त्या भीतीपोटी जी चाल चालत होती ती राखून ठेवायची आणि जी चालत नव्हती ती 27 वेळा द्यायची, हा हिशेब मला आजही पटत नाही.

मिशिगन 34-27 ने पुढे असताना पेन स्टेटने शेवटच्या मिनिटात मैदान पार करून 27 सेकंद बाकी असताना बरोबरी साधली. जादा डावांत मिशिगनला केवळ फील्ड गोल करून, म्हणजे चेंडू किकने गोलखांबांमधून मारून, जिंकण्याची संधी दोनदा मिळाली. दोन्ही वेळा आक्रमणाने सावध रन दिले, जवळजवळ काहीच यार्ड मिळाले नाहीत आणि भार किकरवर टाकला गेला. दोन्ही किक वाया गेल्या. चौथ्या जादा डावात सामना 43-40 असा गमावला. सावधपणा हा फळी भरवशाची असलेल्या संघाला परवडतो. ज्या संघाला धावून तीन यार्डांची खात्री नाही, त्याने चेंडू जपण्यासाठी धावणे म्हणजे लांबून किक मारण्याची निवड करणे होय, आणि ती निवड तशीच समजून-उमजून केली गेली होती का, याविषयी मला दाट शंका आहे.

सुगावा देण्याची सवय

ही सवय त्या हंगामातच लागली असे नाही. 24 नोव्हेंबर 2012 रोजी ओहायो स्टेटविरुद्ध मिशिगनकडे मध्यंतराला 21-20 अशी आघाडी होती. डेनार्ड रॉबिन्सन कोपराच्या दुखापतीमुळे पास टाकू शकत नव्हता. तरी तो क्वार्टरबॅकच्या जागी आला की रन, आणि गार्डनर आला की बहुधा पास, असे वाटप होते. पहिल्या अर्धात रॉबिन्सनने 67 यार्डांची धाव घेत चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाउन केला. दुसऱ्या अर्धात ओहायो स्टेटने ते वाटप ओळखले, मिशिगनला एकही गुण मिळाला नाही, आणि सामना 26-21 असा गेला. कोण मैदानात आला यावरून चाल ओळखू येणे आणि लुवान कुठे उभा राहिला यावरून ती ओळखू येणे, ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत.

या सवयीची सर्वांत कठोर परीक्षा मिशिगन स्टेटने घेतली. मार्क डँटोनियो यांच्या त्या संघाचा बचाव पॅट नार्डुझी चालवत होते. सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून दोन्ही लाइनबॅकर एकाच वेळी घुसवणे ही त्यांची ओळखीची चाल. अशा वेळी सेंटर आणि दोन्ही गार्ड यांनी निमिषार्धात ठरवायचे असते की कोण कोणाला घेणार. आणि मिशिगनने तेथे नवखा गार्ड, नवा सेंटर आणि पहिल्याच वर्षाचा मुलगा उभा केला होता. तो मिशिगन स्टेट पुढे 13-1 ने हंगाम संपवून रोज बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना जिंकला, त्यामुळे त्यांच्यासमोर हरण्यात नवल नव्हते. लक्षात राहते ते असे की हा बचाव काय करणार हे वर्षानुवर्षे सर्वांना माहीत होते, तरी घुसलेल्या लाइनबॅकरांच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत झटपट आखूड पास देऊन त्यांना दोन पावले मागे थांबवण्याची तयारी पुरेशी दिसली नाही.

शिकायला वेळ किती

चालींच्या परस्परनात्याइतकाच महत्त्वाचा भाग सरावाचा आहे. हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, असा एनसीएएचा, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. त्यात बैठका, चित्रफिती, व्यायाम, पास, विशेष पथके सगळे आले. रनच्या सरावासाठी उरणारा वेळ थोडा असतो, आणि तो कशावर खर्च करायचा हा प्रशिक्षकाचा सर्वांत मोठा निर्णय असतो.

होक यांना ‘पॉवर’ हवी होती. या चालीत एका बाजूचा गार्ड रेषेमागून पळत दुसऱ्या बाजूला जातो आणि धावणाऱ्याच्या पुढे वाट काढतो. गार्डने सोडलेल्या जागेत समोरच्या बचाव फळीतला टॅकल घुसू नये म्हणून सेंटरला तिरके वळून त्याला गाठावे लागते. सेंटर अर्धे पाऊल उशिरा पोहोचला तर तो टॅकल त्या गार्डच्याच मागोमाग येतो आणि धावणाऱ्याला मागेच गाठतो. याच्या जोडीला ‘झोन’ पद्धतीच्या चालीही होत्या. त्यांत पाचही जण एकाच दिशेने पाऊल टाकतात, दोघे मिळून एकाला रेटतात, आणि त्यांतला एक योग्य क्षणी सुटून लाइनबॅकरकडे जातो. दोन्ही पद्धती उत्तम आहेत. पण दोन्हींचे पदलालित्य वेगळे, नजर कुठे ठेवायची ते वेगळे, शेजाऱ्याशी व्यवहार वेगळा. पाचव्या वर्षाच्या लुवानला दोन्ही येत होत्या. दहा सामनेही न खेळलेल्या गार्डला एक तरी अंगवळणी पडायला हवी होती. त्यात टॅकल-ओव्हर आली, आणि मग नवे शेजारी आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही मुले अडवताना चुकत होती त्यापेक्षा जास्त वेळा कोणाला अडवायचे याचाच विचार करत उभी राहिलेली दिसत होती. ताकद कमी पडते तेव्हा खेळाडू मागे रेटला जातो. समज कमी पडते तेव्हा बचावपटू त्याच्या शेजारून अस्पर्श निघून जातो. मिशिगनचे पुष्कळसे नुकसान या दुसऱ्या प्रकारचे होते.

बोर्जेस यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर, ते अडाणी प्रशिक्षक खचितच नव्हते. 2004 मध्ये 13-0 असा अपराजित राहिलेल्या ऑबर्नच्या आक्रमणाचे सूत्रधार तेच होते. पण त्या संघात रॉनी ब्राउन आणि कॅडिलॅक विल्यम्स असे दोन रनिंग बॅक होते, जे दोघेही पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत निवडले गेले. विविध रचना आणि दर आठवड्याला नवा पैलू ही त्यांची पद्धत तेथे शोभली, कारण तिच्याखालचा पाया तयार होता.

आणि 30 नोव्हेंबर 2013 चा दिवस त्यांच्या बाजूने साक्ष देतो. अपराजित ओहायो स्टेटविरुद्ध याच फळीने, याच खेळाडूंनी 603 यार्ड मिळवले. गार्डनरने 451 यार्डांचे पास टाकले, तेही सामन्यात पायाला दुखापत झालेली असताना. त्या दिवशी आखूड पास, स्क्रीन (अडवणाऱ्यांच्या आडोशाने दिलेला पास) आणि रन एकमेकांसारखे दिसत होते. एकाला अडवायला धावावे तर दुसरे मोकळे होत होते. 32 सेकंद उरले असताना धावफलक 42-41 झाला आणि होक यांनी बरोबरीऐवजी विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. उजवीकडे तीन रिसीव्हर (पास झेलणारे) एकत्र उभे केले, गार्डनरचा पास निघाला, आणि टायव्हिस पॉवेलने तो मध्येच पकडला. हरले तरी हाच त्या हंगामातला सर्वांत सुसंगत आखलेला खेळ होता. असे आक्रमण सप्टेंबरपासून का उभारले गेले नाही, हा प्रश्न त्या दिवसाने अधिकच टोकदार केला.

पुढे काय झाले

बोर्जेस यांच्या जागी अलाबामाहून डग नुसमायर आले. त्यांनी रनच्या चाली कमी केल्या आणि एका पद्धतीवर भर दिला. लुवान आणि स्कोफिल्ड निघून गेल्यामुळे आता फळीची दोन्ही टोकेही नवी होती, तरी उणे 48 सारखा दिवस पुन्हा आला नाही. संघाची इतर दुखणी मात्र बरी झाली नाहीत. 2014 चा हंगाम 5-7 असा संपला आणि 2 डिसेंबरला होक यांनाही जावे लागले.

त्यानंतर जिम हार्बो आले. 2015 मध्ये त्यांच्या फळीत सेंटर ग्लासगो होता, उजवा गार्ड कॅलिस होता आणि उजवा टॅकल मॅग्नसन. हे तिघेही 2013 मध्ये त्याच मधल्या जागांवर गोंधळून उभे राहिलेले. दरम्यान त्यांचे वय दोन वर्षांनी वाढले होते, शेजारी स्थिर झाले होते. त्या वर्षीचा रनिंग गेम देशात अव्वल होता असे कोणी म्हणणार नाही, पण संघ 10-3 झाला. 1 जानेवारी 2016 रोजी ओरलँडो येथे सिट्रस बोलमध्ये फ्लोरिडाला 41-7 असे हरवताना याच फळीमागून डेव्हिऑन स्मिथ शंभराहून अधिक यार्ड धावला. तो ग्लासगोचा मिशिगनसाठीचा शेवटचा सामना होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत निवडले.